सोलापूरचे स्थलांतरित कामगार आणि कामगार-कायद्यातील व्याख्यांचा प्रश्न

कामगार-कायद्याचा इतिहास बहुधा कामाचे तास, बालकांचे वय, नुकसानभरपाई, भविष्यनिर्वाह निधी अशा क्रमाने सांगितला जातो. प्रत्येक कायद्याने कामगारास काय दिले, याची ती एक चढती मोजणी असते. परंतु कायद्याने काय दिले, या प्रश्नापूर्वी कायद्याने कोणास दिले, हा प्रश्न विचारावयास हवा. ‘कारखाना’, ‘कामगार’, ‘मालक’, ‘सलग नोकरी’ या शब्दांच्या व्याख्या कायद्याच्या आरंभीच्या कलमांत असतात, आणि वाचक त्या ओलांडून पुढे जातो. वस्तुतः कोट्यवधी माणसांचे भवितव्य त्या दोन-तीन पृष्ठांतच ठरलेले असते.

या दृष्टीने सोलापूर शहराचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. ज्या काळात मुंबई इलाख्यात कारखानेविषयक कायदा वाढला, त्याच काळात हे शहर बाहेरून आलेल्या श्रमिकांच्या बळावर वाढले. येथे एकाच वेळी श्रमाचे चार प्रकार शेजारी शेजारी नांदत होते : कापडगिरणी, गुन्हेगार ठरविलेल्या जमातींची वसाहत, हातमागाचा कारखाना आणि घरोघरी वळली जाणारी विडी. या चारही ठिकाणी राबणारा माणूस बहुतांशी परगावचाच होता. परंतु कायद्याने त्याला ‘तू कोठून आलास?’ असे विचारले नाही. ‘तू कोणत्या छपराखाली काम करतोस?’ असे विचारले. या एका प्रश्नाच्या उत्तरावर त्याचे हक्क अवलंबून राहिले. तो प्रश्न सोलापुरात कसकसा विचारला गेला, आणि त्याचे परिणाम काय झाले, याचा मागोवा येथे घेतला आहे.

१. येणाऱ्यांच्या वाटा

१८६० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे सोलापुरास पोहोचली; १८७१ मध्ये ती रायचूरपर्यंत गेली; आणि १८७४ मध्ये वाडीपासून हैदराबादपर्यंतचा निजामाच्या राज्यातील मार्ग सुरू झाला. त्यामुळे तेलंगणातील विणकरांची गावे आणि सोलापूरची सुताची बाजारपेठ ही दोन टोके लोहमार्गाने जोडली गेली. पद्मशाली समाजाची कुटुंबे तत्पूर्वीही येत होतीच. रेल्वेने ती वाट रुंद केली. कन्नड भाषक मजूर विजापूर व गुलबर्गा या बाजूंनी आले. मराठी शेतमजूर व अल्पभूधारक जिल्ह्यातील आणि लगतच्या उस्मानाबादकडील कोरडवाहू गावांतून आले. १८७६–७७, १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दुष्काळांनी त्यांस गावातून अक्षरशः ढकलून काढले.

रॉयल कमिशन ऑन लेबर, म्हणजे जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली १९२९ मध्ये नेमलेला व १९३१ मध्ये अहवाल देणारा आयोग, याने भारतीय गिरणी-कामगाराविषयी हेच निरीक्षण नोंदविले आहे. शहर त्याला ओढून घेत नाही, तर गाव त्याला बाहेर लोटते, आणि त्याचे मन गावाकडे लागलेले असते, असा त्याचा आशय आहे. सोलापूरपुरते त्यात थोडे अधिक सांगावयास हवे. मराठी कामगाराचे गाव दोन-चार कोसांवर होते. सुगीला तो परतू शकत असे. तेलुगू विणकराचे गाव मात्र दुसऱ्या राज्यात होते. १९४८ पर्यंत तो निजामाचा प्रजाजन आणि ब्रिटिश हद्दीतील श्रमिक अशा दुहेरी अवस्थेत राहिला. त्याने सोलापूरच्या पूर्वभागात, साखर पेठेच्या आसपास, आपली वस्ती, मार्कंडेयाचे मंदिर व पंचायत उभारली. जेथे कायदा पोहोचत नव्हता, तेथे ज्ञातीची पंचायत व नातेसंबंध हेच त्याचे आश्रयस्थान होते; आणि पुष्कळदा त्याला कामास लावणाराही त्याच ज्ञातीतला असे.

२. गिरणी : कायद्याचे पहिले छप्पर

१८७४ मध्ये मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने ‘शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ स्थापन झाली. पुढे नव्या गिरण्या निघाल्यावर लोक तिला ‘जुनी गिरणी’ म्हणू लागले. शतकाच्या अखेरीस लक्ष्मी व नरसिंगगिरजी, आणि त्यानंतरच्या दशकात विष्णु व जाम या गिरण्या उभ्या राहिल्या.

१८८१ चा पहिला कारखाने-कायदा यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या आणि शंभर वा अधिक माणसे असलेल्या ठिकाणांना लागू होता. सात वर्षांखालील मुलास कामावर घेऊ नये, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, एवढीच त्याची मजल. प्रौढ पुरुषाविषयी तो मौन होता. १८९१ मध्ये मर्यादा पन्नास माणसांवर आली आणि स्त्रियांचा दिवस अकरा तासांचा झाला. कापडगिरणीतील प्रौढ पुरुषास बारा तासांची मर्यादा १९११ मध्ये मिळाली. १९२२ मध्ये आठवडा साठ तासांचा व संख्येची अट वीस माणसांची झाली. १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांचा आठवडा चोपन्न तासांवर आला. १९४६ च्या दुरुस्तीने तो अठ्ठेचाळीस तासांचा झाला, आणि १९४८ च्या अधिनियमाने ती मर्यादा कायम केली.

ही मालिका गिरणीतील स्थलांतरिताच्या दृष्टीने मोलाची आहे, यात शंका नाही. एकदा तो दरवाजातून आत गेला की, त्याची भाषा व गाव काहीही असले तरी घड्याळ सर्वांस एकच होते. परंतु दरवाजातून आत घेणे न घेणे जॉबरच्या हाती होते. जॉबर आपल्या गावची, नात्यातली, पैसे देणारी माणसे आत घेई. बदली कामगार सकाळी दरवाजापाशी उभा राही. ही निवड कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिली. गावी जाऊन परतणाऱ्याला पुनः त्याच उंबऱ्यावर उभे राहावे लागे. भावी कायद्यांतील ‘सलग नोकरी’ या कल्पनेची झळ याच माणसास लागावयाची होती. १९५३ च्या दुरुस्तीने औद्योगिक कलह अधिनियमात कपातीची भरपाई आली, ती वर्षात २४० दिवस काम करणाऱ्यास; १९५४ च्या दुरुस्तीनंतर कारखाने अधिनियमातील पगारी रजेसही २४० दिवसांचीच अट राहिली. सुगी, लग्नसराई व आजारपण यांसाठी गावाकडे जाणाऱ्या कामगाराच्या वर्षाचे मोजमाप गावी न जाणाऱ्याच्या मापाने होऊ लागले.

गिरणी-कामगार हा केवळ कायद्याचा लाभार्थी नव्हता, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे. मे १९३० मध्ये महात्मा गांधींच्या अटकेनंतर सोलापुरात जो उठाव झाला, त्यात गिरणी-कामगारांचा भाग मोठा होता. ८ मे रोजी गोळीबार झाला. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला, तो ३० जूनपर्यंत होता. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी गेलेल्या मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघांपैकी कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ पत्राचे संपादक व गिरणी-कामगारांत वावरणारे कार्यकर्ते होते. सरकारच्या लेखी कामगार हा एकीकडे संरक्षणाचा आणि दुसरीकडे बंदोबस्ताचा विषय होता. सोलापुरात या दुसऱ्या दृष्टीचे सर्वांत उघड रूप वसाहतीत पाहावयास मिळते.

३. वसाहत : ज्यांचे चालणेच गुन्हा ठरले

१८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्टने काही जमाती जन्मतः गुन्हेगार मानल्या. तो कायदा आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने त्याचा विस्तार झाला व मुंबई इलाख्यात तो प्रभावी ठरला. १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. मुंबई इलाख्यात या जमातींच्या वसाहतींची योजना ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याने आखली. सोलापूरची वसाहत तिच्यातील एक प्रमुख वसाहत होती. त्याच शहरात उमेदपूर येथील वसाहत अमेरिकन मराठी मिशनच्या देखरेखीखाली चाले. कैकाडी, मांग-गारुडी, भामटा, पारधी आदी जमातींची कुटुंबे काटेरी तारेच्या कुंपणात वसविण्यात आली. वसाहतीसाठी गिरणीचे शहर निवडण्याचे कारण उघड आहे : सरकारला त्यांच्यासाठी नियमित काम हवे होते, आणि गिरण्यांना मजूर हवे होते.

या योजनेत सुधारणेचा हेतू नव्हता, असे म्हणता येणार नाही. शाळा होती, वसाहतीतून ठराविक मुदतीने मोकळे होण्याची वाट होती. तथापि कामगार-कायद्याच्या दृष्टीने येथे एक विलक्षण विसंगती निर्माण झाली. गिरणीच्या आत वसाहतीतील माणूस हा इतरांसारखाच कारखाने-कायद्यातील कामगार होता. त्याचे तास तितकेच, भरपाईचा हक्क तितकाच. परंतु काम सोडण्याचा, अधिक वेतनाच्या गिरणीत जाण्याचा, शहर सोडण्याचा जो मूलभूत हक्क वेतनी श्रमिकास श्रमिक बनवितो, तो त्यास नव्हता. त्याला हजेरी द्यावी लागे. बाहेर जाण्यास परवाना लागे. भटकंती ही ज्यांची उपजीविकेची रीत होती, त्यांचे स्थलांतर कायद्याने थांबविले आणि मग त्यांस कामगार म्हटले.

कायद्याची दोन पुस्तके अशा रीतीने एकाच माणसावर एकाच दिवशी लागू होत होती : दिवसा एक, रात्री दुसरे. १९५२ मध्ये क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. वसाहतीचे नाव मात्र ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ या पत्त्यात आजही उरले आहे. कायदा रद्द होतो, पण त्याने घडविलेले शहर मागे राहते, याचे हे उदाहरण होय.

४. ‘कारखाना’ आणि उचल

मराठीत ‘फॅक्टरी’ या शब्दास ‘कारखाना’ हा प्रतिशब्द रूढ झाला. सोलापुरात मात्र हा शब्द आधीपासून एका निराळ्या वस्तूचे नाव होता : एका मालकाच्या घरात वा लगतच्या छपरीत दहा-वीस, कधी त्याहून अधिक हातमाग मांडून पगारी विणकरांकडून लुगडी विणून घेण्याची जागा. त्या जागेचा मालक तो कारखानदार. पुरुष मागावर बसत. कांड्या भरणे, सूत उकलणे ही कामे बायका-मुले करीत. १९४८ पर्यंत सोलापूरचा हा ‘कारखाना’ कायद्याच्या लेखी सामान्यतः कारखाना नव्हता, कारण तेथे यांत्रिक शक्ती नव्हती. १९३४ च्या कायद्यात प्रांतिक सरकारला शक्ती न वापरणाऱ्या जागांनाही कायदा लावण्याची मुभा होती. पण तो अपवाद होता, नियम नव्हे.

याचा परिणाम सर्वांत तीव्रतेने जाणवला, तो उचलीच्या बाबतीत. तेलंगणातून आणलेल्या विणकरास प्रवासखर्च, बिऱ्हाडाची सोय, लग्नकार्य यांसाठी कारखानदार आगाऊ रक्कम देई. ती फिटेपर्यंत विणकर दुसरीकडे जाऊ शकत नसे; आणि मजुरी इतकी तोकडी असे की ती सहसा फिटत नसे. नवा कारखानदार जुन्याची बाकी भरून माणूस नेई. म्हणजे माणूस बदलला तरी ऋण त्याच्याबरोबरच जाई.

या प्रथेकडे कायद्याने दोन टोकांनी पाहिले. १८५९ च्या वर्कमेन्स ब्रीच ऑफ कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टने आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या कारागिरास दंडाधिकाऱ्यापुढे उभे करून पैसे परत करण्याचा किंवा काम पुरे करण्याचा हुकूम देण्याची सोय केली; हुकूम न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी होती. मालकाने करार मोडल्यास तशी शिक्षा नव्हती. हा कायदा १९२५ मध्ये संमत झालेल्या कायद्यान्वये १९२६ पासून रद्द झाला. त्यानंतर दहा वर्षांनी, १९३६ च्या पेमेंट ऑफ वेजेस अ‍ॅक्टमध्ये, अगदी उलट दिशेचे एक कलम आले. नोकरी सुरू होण्यापूर्वी दिलेली उचल पहिल्या पूर्ण वेतन-मुदतीच्या पगारातून वसूल करावी. परंतु प्रवासखर्चासाठी दिलेली उचल मुळीच वसूल करू नये, असे त्यातील बारावे कलम सांगते. स्थलांतरिताच्या हिताची याहून नेमकी तरतूद त्या काळच्या कायद्यात शोधूनही सापडणार नाही. तेलंगणातून आगगाडीने येणाऱ्या विणकरास ती जणू डोळ्यांसमोर ठेवून लिहिली असावी, असे वाटावे.

पण ती त्याला लागू नव्हती. पेमेंट ऑफ वेजेस अ‍ॅक्ट मुख्यतः कारखाने व रेल्वे यांतील कामगारांसाठी होता, आणि ‘कारखाना’ म्हणजे कारखाने-कायद्यातील कारखाना. म्हणून गिरणीत उचल घेऊन येणाऱ्या माणसास संरक्षण होते, आणि जेथे उचल ही श्रम मिळविण्याची मुख्य रीत होती तेथे ते नव्हते. रॉयल कमिशनच्या चौकशीनंतर बालकांच्या बाबतीत एक स्वतंत्र कायदा झाला हे खरे : १९३३ च्या चिल्ड्रन (प्लेजिंग ऑफ लेबर) अ‍ॅक्टने मुलाचा श्रम तारण ठेवणे अवैध ठरविले. परंतु बापाचा श्रम तारण राहत होताच. ऋणापोटी श्रम वेठीस धरणे अवैध ठरविणारा सर्वव्यापी कायदा १९७६ मध्ये आला.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने शक्ती वापरणारी दहा आणि शक्ती न वापरणारी वीस माणसे अशी मर्यादा घातली, तेव्हा हातमागाचे मोठे कारखाने प्रथमच व्याख्येत आले. परंतु त्याच सुमारास हातमाग मागे पडू लागला होता. १९५४ च्या कानुनगो समितीने हातमागांचे क्रमाक्रमाने यंत्रमागांत रूपांतर करण्याची शिफारस केली. सोलापुरातही चादर व टॉवेल विणणारे यंत्रमाग झपाट्याने वाढले. यंत्रमागाला शक्ती होती, पण एका मालकीखाली दहा माणसे दाखविली न जाणे अवघड नव्हते. चार-चार, आठ-आठ मागांची घटके निरनिराळ्या नावांवर ठेवली की छप्पर एक राहूनही ‘कारखाना’ होत नसे. राज्य सरकारला पंचाऐंशीव्या कलमान्वये अशा जागांनाही कायदा लावता येत होता, हे खरे. परंतु नियमाने मिळणारा हक्क आणि अधिसूचनेने मिळणारी कृपा यांत अंतर असते.

५. बंद दरवाजा : जुनी गिरणी व बार्शी लाइट रेल्वे

छपराखाली हक्क असतील, तर छप्परच नाहीसे झाल्यावर काय, हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर लवकरच उभा राहिला, आणि तो योगायोगाने सोलापूर जिल्ह्यातूनच दोनदा सर्वोच्च न्यायालयापुढे गेला.

ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी गिरणी बंद झाली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला आणि पुढे त्याच वर्षी त्याचे अधिनियमात रूपांतर झाले. गैरकारभारामुळे आवश्यक वस्तूच्या उत्पादनास बाधा आली व समाजाच्या एका विभागात गंभीर बेकारी निर्माण झाली, असे कारण त्यात दिलेले होते. एका भागधारकाने या कायद्यास आव्हान दिले. चिरंजितलाल चौधरी खटल्यात डिसेंबर १९५० मध्ये न्यायालयाने बहुमताने कायदा टिकविला. परंतु द्वारकादास श्रीनिवास खटल्यात डिसेंबर १९५३ मध्ये, भरपाईवाचून मालमत्तेचा ताबा घेतल्याच्या कारणावरून, तो अवैध ठरविला. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीत सार्वजनिक हितासाठी मर्यादित काळ कारभार हाती घेण्यास संरक्षण मिळाले, त्याच्या पार्श्वभूमीस हा निर्णयही आहे. घटनेच्या अभ्यासकास हे खटले समानता व मालमत्ता यांविषयीचे म्हणून परिचित आहेत. ज्यांच्या बेकारीचा उल्लेख कायद्याच्या प्रस्तावनेत होता, ते कामगार मात्र या वादात पक्षकार नव्हते. त्यांच्या भाकरीचा प्रश्न भागधारकाच्या मालमत्तेच्या भाषेत लढविला गेला.

दुसरे प्रकरण बार्शीचे. कुर्डुवाडी–बार्शी ही अरुंदमापी रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. पुढे ती एका बाजूस लातूरपर्यंत व दुसऱ्या बाजूस पंढरपूरवरून मिरजेपर्यंत गेली. १ जानेवारी १९५४ पासून सरकारने ती ताब्यात घेतली. तत्पूर्वी कंपनीने आपल्या सर्व नोकरांना सेवा संपल्याची सूचना दिली. बहुतेकांस सरकारी रेल्वेत पुनः घेण्यात आले, तरी कपातीची भरपाई देय आहे की नाही, असा वाद झाला. हरिप्रसाद शिवशंकर शुक्ल विरुद्ध ए. डी. दिवेलकर या खटल्यात २७ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, ‘कपात’ म्हणजे चालू उद्योगातील जादा माणसे कमी करणे. उद्योगच खऱ्या अर्थाने बंद झाला वा दुसऱ्याकडे गेला तर ती कपात नव्हे. व्याख्येत ‘कोणत्याही कारणाने’ असे शब्द असूनही न्यायालयाने त्यांस उद्योग चालू असल्याची मर्यादा घातली.

हा निर्णय देशभर गाजला. संसदेने १९५७ मध्ये हस्तांतर व बंदी यांविषयी स्वतंत्र कलमे घालून भरपाईचा हक्क दिला, आणि ती निर्णयाच्या दुसऱ्या दिवसापासून, २८ नोव्हेंबर १९५६ पासून, लागू केली. बार्शीच्या कामगारांस त्यांचा उपयोग झाला नाही, कारण त्यांचा दिवस आधीच मावळला होता. परंतु पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापूरच्या मोठ्या कापडगिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा गिरणी-कामगाराच्या हाती जो कायदा होता, त्यात या प्रकरणाची देणगी होती.

६. विडी : घर हेच कामाचे ठिकाण

गिरण्या व हातमाग मागे पडत असता शहरातील पद्मशाली स्त्री विडीकडे वळली. तेंदूची पाने व तंबाखू मालकाच्या शाखेतून घरी आणावयाची, पाने भिजवून कापावयाची, विड्या वळून जुड्या बांधावयाच्या आणि दुसऱ्या दिवशी शाखेत मोजून द्यावयाच्या, मजुरी हजारामागे. न पटलेल्या विड्या ‘छाट’ म्हणून बाजूस काढल्या जात, आणि त्यांची मजुरी नाही. येथे छप्पर कामगाराचेच होते. कायद्याचा नेहमीचा प्रश्न येथे कुंठित झाला.

न्यायालयांनी प्रथम जुन्याच प्रश्नाचे उत्तर दिले. १९५८ च्या चिंतामणराव खटल्यात, मध्यस्थांमार्फत बाहेरून विड्या आणून देणारे लोक कारखान्याचे कामगार नव्हेत असे ठरले. नागपूरच्या बिर्धीचंद शर्मा प्रकरणात, १९६१ मध्ये, कारखान्यात बसून विड्या वळणारे हे कामगार ठरले. पण १९६२ च्या शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नाशिक जिल्ह्यातील खटल्यात, येण्या-जाण्याच्या वेळेचे बंधन नसलेला विडी-कामगार बहुमताने ‘कामगार’ ठरला नाही, आणि त्यामुळे त्यास पगारी रजा नाकारली गेली. १९६४ मध्ये सेलमच्या दिवाण मोहिदीन साहिब प्रकरणात न्यायालयाने मध्यस्थांचा पडदा दूर करून त्यांच्याकडील विडी-कामगार हे मूळ मालकाचेच कामगार होत, असे म्हटले. सहा वर्षांतील हे चार निर्णय वाचताना असे दिसते की, न्यायालय ‘नियंत्रण’ शोधत होते : कोण वेळ ठरवितो, कोण देखरेख करतो. पण विडीत नियंत्रण घड्याळाने होतच नसे. पानांच्या वजनाने, तंबाखूच्या मापाने आणि संध्याकाळच्या छाटणीने होत असे. ज्याच्या हाती छाट, त्याच्या हाती मजुरी.

१९६६ च्या विडी व सिगार कामगार (नोकरीच्या शर्ती) अधिनियमाचे वैशिष्ट्य हे की, त्याने ही गोष्ट ओळखली. ‘कर्मचारी’ या व्याख्येत मालक वा ठेकेदार यांच्याकडून कच्चा माल घेऊन घरी विड्या करणारा गृहकामगार स्पष्टपणे आला. आणि कच्च्या मालाचे वाटप, विड्यांची नापसंती व त्यांची मजुरी हे वादाचे मान्य विषय ठरले. केंद्राने हा कायदा करण्याचे एक कारण असेही होते की, राज्यांनी वेगवेगळे कायदे केले की हा हलका उद्योग हद्द ओलांडून शेजारी जाई. कामगार स्थलांतर करतो हे सर्वांस दिसते. येथे मालकही स्थलांतर करीत होता. कायद्याची वैधता १९७४ मध्ये मंगलोर गणेश विडी वर्क्स खटल्यात मान्य झाली. १९७६ मध्ये विडी-कामगार कल्याण निधीचा कायदा आला आणि त्यातून दवाखाना, शिष्यवृत्ती, घरबांधणीस साहाय्य अशा सोयी मिळू लागल्या. त्यासाठीचा उपकर २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराच्या आगमनाबरोबर रद्द झाला.

मात्र या कायद्यातही एक वाट मोकळी राहिली. खाजगी घरात स्वयंरोजगार करणाऱ्यास त्रेचाळिसाव्या कलमाने सूट होती. तिच्या आडून, स्त्रीला पाने व तंबाखू ‘विकली’ आणि विड्या ‘खरेदी केल्या’ असे कागदावर दाखविता येई. म्हणून ओळखपत्र हे या स्त्रीचे सर्वांत मोलाचे कागद ठरले. कल्याण निधीच्या सोयी व निवासयोजना यांची वाट त्यातूनच जात असे. कुंभारी येथील गोदावरी परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची सहकारी वसाहत २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते हस्तांतरित झाली; त्यानंतरच्या रे नगर या तीस हजार घरांच्या योजनेतील पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आली. दोन्हींमागे माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील दीर्घ चळवळ होती. ज्या स्त्रीचे घर हेच तिचे कामाचे ठिकाण, तिच्यासाठी घराची मागणी ही कामाच्या जागेचीच मागणी होती. गिरणी-कामगाराने प्रकाश, हवा व स्वच्छता यांचे हक्क कारखाने-कायद्यातून मिळविले. विडी-कामगार स्त्रीने ते घरकुलातून मिळविले.

७. व्याख्येचे अलीकडील रूप

१९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियमाने स्थलांतरितास प्रथमच त्याच्या नावाने हाक मारली. विस्थापन-भत्ता, प्रवासभत्ता, पासबुक या त्यातील तरतुदी स्तुत्य होत्या. परंतु तो लागू होता, तो ठेकेदाराने एका राज्यात भरती करून दुसऱ्या राज्यात नेलेल्या कामगारास. सोलापूरला आलेला माणूस प्रायः मामा, मेव्हणा वा गावकरी यांच्या ओळखीने आला होता. शिवाय त्याची सरहद्दच बदलत गेली : निजामाचे राज्य १९४८ मध्ये संपले, १९५६ मध्ये तेलंगण आंध्र प्रदेशात गेले, २०१४ मध्ये ते स्वतंत्र राज्य झाले. तोवर त्याची नातवंडे जन्माने सोलापूरकर झाली होती.

२०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. कारखाने अधिनियम, विडी-कामगारांचा १९६६ चा कायदा व १९७९ चा स्थलांतरितांचा कायदा हे तीनही तिच्यात विलीन झाले. स्थलांतरिताची व्याख्या तिने रुंद केली : स्वतःहून दुसऱ्या राज्यात येऊन काम मिळविणाराही आता, वेतनमर्यादेच्या अधीन राहून, तिच्यात येतो. हा बदल सोलापूरच्या इतिहासाशी सुसंगत आहे. परंतु ‘कारखाना’ या शब्दासाठी दहा व वीस यांच्या जागी शक्तीसह वीस आणि शक्तीवाचून चाळीस माणसांची अट आली. दहा माणसांच्या आस्थापनेस संहितेच्या सामान्य तरतुदी लागू राहतात, आणि स्थलांतरितांविषयीच्या प्रकरणासही किमान दहा स्थलांतरित कामगारांची अट आहे. म्हणजे एका व्याख्येने दार उघडले आणि दुसरीने छपराची उंची बदलली. आठ मागांच्या छपरीतील विणकर या दोहोंच्या मध्ये कोठे उभा राहील, हे अंमलबजावणीवर अवलंबून आहे.

दीडशे वर्षांच्या या आढाव्यातून एक गोष्ट निष्पन्न होते. सोलापुरात हक्काचा विस्तार झाला, तो प्रत्येक वेळी कोणत्या तरी शब्दाचा अर्थ बदलल्यामुळे : शंभरांचे पन्नास, पन्नासांचे वीस व दहा झाले, ‘कपाती’च्या बाहेर राहिलेली ‘बंदी’ कायद्यात आली, ‘कर्मचारी’ या शब्दात घर आले. आणि शब्दाचा अर्थ आपोआप बदलला नाही. त्यामागे संप, न्यायालयीन वाद, संघटना व काही प्रसंगी पराभवही होते. बार्शीच्या रेल्वे-कामगारांचा पराभव त्यांपैकी एक. उलटपक्षी जेथे हक्क जागेशी बांधला गेला, तेथे श्रम त्या जागेतून उठून दुसरीकडे गेला : गिरणीतून मागाच्या छपरीत, छपरीतून घरात. कायदा त्याच्या मागून चालत राहिला. ज्या श्रमिकाचे आयुष्यच चालण्यात गेले, त्याचा हक्क जागेशी न बांधता त्याच्या व्यक्तीशी बांधला जावा, ही मागणी म्हणूनच सोलापूरच्या इतिहासातून सहजपणे पुढे येते. कायद्याच्या अभ्यासकाने व्याख्येचे कलम प्रथम वाचावे, आणि ते वाचताना त्या शब्दाबाहेर कोण उभे आहे हे पाहावे, एवढा बोध या शहराच्या उदाहरणातून निश्चितपणे घेता येतो.